आप्पांची जोड

बिरदेव शेंडगे या माणसाला ‘एवढं जरा करून द्या’ असं सांगायची सोय नव्हती. एवढं म्हणजे किती, जरा म्हणजे कधीपर्यंत, आणि करून द्यायचं तर त्यात कामं किती, हे आधी विचारणार. विचारून झालं की पाठकोऱ्या कागदावर लिहून घेणार. मग मान वर करून म्हणणार, “मॅडम, ह्ये एक काम न्हाई. ही पाच कामं हायती.” तोवर काम सांगायची आपली इच्छाच मेलेली असायची.

सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. वय चाळिशीच्या थोडं पुढं. दौंडला राहायचे आणि रोज एसटीनं आदळत-आपटत शिरूरला यायचे. आमचं ऑफिस स्टँडजवळच्या गल्लीत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या वर. मालक रमेशशेठ. त्यांची आधी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती; टाइपरायटर गेले आणि त्याच टेबलांवर कॉम्प्युटर आले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. रांजणगावच्या कंपन्यांना लागणारी सटरफटर कामं आम्ही करायचो. गेटपास, पाळ्यांची हजेरी, कामगारांच्या बसच्या याद्या. सगळं ब्राउझरमध्ये चालायचं, म्हणजे रोज जावास्क्रिप्टशी गाठ. मी तिथली सीनियर होते. सीनियर म्हणजे कंपनीच्या शिव्या आधी जिला ऐकू येतात ती.

आप्पा मूळचे कवठे येमाईकडचे. घर मेंढपाळांचं. वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन घेतली आणि आप्पा रेल्वेच्या परीक्षा देता देता दौंडचेच झाले. रेल्वे काही लागली नाही. कॉम्प्युटर कुठं शिकले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ‘शिकणं’ यात कामं किती ते आधी ऐकावं लागलं असतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर घोंगडीचा एक जुना तुकडा घडी करून टाकायचा आणि त्यावर बसायचं. खिशात भुईमुगाच्या शेंगा. लिहायला प्रिंटरचे वाया गेलेले लांबच लांब कागद, तेही पान-पान वेगळं न करता. “जोडलेलं हाय, कशाला फाडायचं,” म्हणायचे. संध्याकाळी दौंडच्या गाडीची वेळ झाली की उठून चालायला लागत. येतो नाही, जातो नाही. मागून हाक मारली तरी वळायचे नाहीत. “आमच्यात वाड्यावरनं निघालं की मागं बगत न्हाईत,” असं एकदा म्हणाले. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. “आपण थांबलो की मेंढरं बी थांबत्यात.” अहो, पण इथं कुठली मेंढरं? इथं मी विचारतेय की सकाळचं काम झालं का.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना गेटपासचं काम दिलं. माणसाचं नाव, गाव, गाडीचा नंबर घ्यायचा, नीट करायचा आणि पासवर छापायचा. माझ्या मते एक फंक्शन, दुपारच्या जेवणापर्यंत उरकेल असं. या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगते, फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा. एका बाजूनं काही घालायचं, दुसऱ्या बाजूनं काही बाहेर येतं. गिरणीत गहू घातले, पीठ आलं, इतकंच. आप्पांनी तीन दिवस घेतले आणि माझ्यासमोर अकरा फंक्शनं मांडली. एक नावाच्या मागची-पुढची मोकळी जागा काढणारं. एक गाडीच्या नंबरातली अक्षरं मोठी करणारं. एक, कुणी निमोणे, निमोने, निमुणे काहीही लिहो, त्याचं निमोणे करणारं. प्रत्येक तीन-चार ओळींचं.

“हे सगळं एकात नाही का बसत?” मी विचारलं.

“बसतंय की.”

“मग बसवा ना, आप्पा.”

“मॅडम, तुम्ही जेवताना भाजी, भाकरी, ताक एकत्र कालवून खाता का?”

“पोटात गेल्यावर एकच होतं.”

“व्हय. पर ते पोटाचं काम हाय. आपलं न्हाई.”

मी ती अकराच्या अकरा फंक्शनं उचलली, एका मोठ्या फंक्शनमध्ये कोंबली आणि कंपनीला देऊन टाकली. चाललं. पुढच्या महिन्यात कंपनीनं गावांच्या यादीत बदल मागितला आणि त्या कोंबलेल्या गाठोड्यातून गावं शोधण्यात माझे दोन दिवस गेले. आप्पा शेजारी शेंगा फोडत होते. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

एकदा मी चिडून विचारलंच, की हे खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी. तेव्हा कळलं की खूळ घरचंच.

“आमच्यात घोंगडी कशी व्हायची ठाव हाय का? बाप मेंढरं कातरायचा. आई लोकर पिंजायची. आजी सूत कातायची. म्होरं सनगराकडं जायचं, तो ताणा लावायचा, चिंचोक्याची खळ द्यायचा आन् इणायचा. आजीनं कवा इचारलं न्हाई, ह्ये कुठल्या मेंढराचं. सनगरानं इचारलं न्हाई, सूत कुणी कातलं. समोर आलं ते घ्यायचं, आपलं काम करायचं, म्होरं द्यायचं. दुसऱ्याच्या कामात डोकवायचं न्हाई. आन् उलटं चालत न्हाई, मॅडम. खळ दिलेल्या सुताची परत लोकर व्हत न्हाई.”

या घोंगडीतून त्यांनी एक फाइल काढली होती. तिचं नाव जोड. तिचं काम इतकंच, की तुमची छोटी छोटी फंक्शनं तिला ओळीनं द्यायची. ती पहिल्यातून निघालेलं दुसऱ्यात घालणार, दुसऱ्यातून निघालेलं तिसऱ्यात, आणि शेवटी जे निघेल ते तुमच्या हातात ठेवणार. घोंगडीसारखंच, जे आधी लिहिलं ते आधी होणार. सगळी मिळून चाळीस ओळींची लायब्ररी, म्हणजे कुणीही आपल्या कामात उचलून वापरावी अशी. जगात लोक आपलं सॉफ्टवेअर वाढवत नेतात. आप्पा आपलं कमी करत न्यायचे.

आणि दर शनिवारी, गाडीला निघायच्या आधी, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

“मॅडम, येकदा तुमच्या कामात जोड लावून बगा की.”

“तुम्ही लावताय ना तुमच्या कामात? झालं तर.”

“मी लावतोय त्याला काय अर्थ? आपला तो बाब्या. दुसऱ्यानं वापरली तर खरी.”

“बघू,” मी म्हणायची. बघू म्हणजे नाही, हे आख्ख्या महाराष्ट्राला कळतं. आप्पांना नाही कळायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. पगारवाढ मागितली नाही, पंख्याखालची जागा मागितली नाही, रजा मागितली तरी वर्षातून दोनदा. त्यांना ऑफिसकडून हे एवढंच हवं होतं, की कुणीतरी एकदा त्यांची जोड वापरावी. आणि नेमकं तेवढंच आम्ही कुणी देत नव्हतो. मी तर हट्टानं देत नव्हते. आप्पांचं वाचायचंसुद्धा नाही, असा बाणाच धरला होता म्हणा ना.

एका सोमवारी मात्र ते जिना चढले तेच खुशीत. “दोन ओळी गेल्या,” म्हणाले. कुणाच्या घरी पाळणा हलला म्हणून सांगावं, तसा चेहरा. रविवारी दौंडला बसून त्यांनी जोडमधल्या दोन ओळी कमी केल्या होत्या. अकरा वाजता, आप्पांनी जोडनंच काम बांधून दिलेल्या एका कंपनीतून फोन आला, की गेटवरची स्क्रीन पांढरी फटक. त्या दिवशी दुसऱ्या पाळीला एकही पाहुणा नव्हता, म्हणून पाहुण्यांची यादी रिकामी होती, आणि रिकामी यादी आली तर काय करायचं हे सांगणाऱ्याच त्या दोन ओळी होत्या.

रमेशशेठ तावातावानं आले. “आप्पा, बंद पडलंय तिथं सगळं.”

“बंद न्हाई पडलं. काई आलं न्हाई, म्हून काई गेलं न्हाई.”

“अहो, वॉचमन मशिनला थपडा मारतोय.”

आप्पा विचारात पडले. अर्धा तास लावला. मग एक ओळ परत घातली आणि म्हणाले, “येकच लागती. दुसरी उगीच व्हती.”

आता त्या बसचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे सगळं सांगण्यात अर्थ नाही.

रांजणगावच्या एका कंपनीच्या बस गावोगावचे कामगार आणायच्या. उद्या कुठल्या गावाला गाडी पाठवायची, त्यात कोण कोण, याची यादी आमचा प्रोग्राम काढायचा. ते काम आप्पांनी जोडनं बांधलं होतं. आधी सगळ्यांची यादी घ्यायची, मग ज्यांची सुट्टी त्यांना वगळायचं, मग गावं लावायची, मग गाडी लावायची. निमोण्याच्या लोकांची सुट्टी गुरुवारची. त्या वर्षी गावची जत्रा मंगळवारी आली. जत्रेला कामावर जाईल तो निमोणेकर कसला? सगळ्या गावानं अर्ज दिला, की मंगळवारी सुट्टी द्या, बदल्यात गुरुवारी येतो. कंपनीनं मान्य केलं आणि आम्हाला कळवलं, की सुट्ट्यांची ही अदलाबदल यादीत घ्या.

हे आलं सोमवारी, आणि आप्पा नेमके रजेवर. वर्षातल्या दोन रजांपैकी एक. शेठ म्हणाले, “कांबळे मॅडम, तुम्हीच टाका.” म्हणजे सहा महिने ज्या फाइलला हात लावला नव्हता तिला हात लावणं आलं. मी चरफडत उघडली. अदलाबदलीचं फंक्शन लिहिलं. ते सगळ्यात आधी चालायला हवं, एवढं मला कळत होतं. पण मी बीएस्सीला गणित शिकलेली. तिथं फंक्शनं एकापुढे एक लिहिली की शेवटी लिहिलेलं आधी चालतं. मी माझं फंक्शन ओळीत शेवटी लावलं, आणि ते आधी चालणार अशा भरवशावर घरी गेले. वरची नावं नुसती वाचली असती तरी कळलं असतं, की इथं क्रम घोंगडीचा आहे, बीएस्सीचा नाही. पण वाचायचं नाही हा बाणा होता ना.

मंगळवारी निमोण्याला गाडी गेली. गाव जत्रेत. ड्रायव्हरनं रिकामी गाडी परत आणली आणि जत्राच आहे म्हटल्यावर कुणाला काही सांगितलं नाही. त्याच मंगळवारी आप्पा रजेवरून आले आणि सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. कशाबद्दल म्हणून शेठनी विचारलं, तर म्हणाले, “असंच.” त्यांच्या गावाकडच्या कुठल्या जत्रेचा प्रसाद असेल असं धरून मी दोन खाल्ले.

गुरुवारी पहाटेपासून आख्खं निमोणं फाट्यावर उभं होतं. डबे घेऊन, युनिफॉर्म घालून. गाडी आलीच नाही. प्रोग्रामनं त्यांना आधी सुट्टीवर म्हणून वगळलं होतं. मग अदलाबदल करायला यादीत निमोण्याचं माणूसच उरलं नव्हतं. काही जण जीपला लटकून गेले, काही दुचाकीवर तिघं-तिघं. बाकीच्यांचा मंगळवारही बुडाला आणि गुरुवारही.

दुपारी कंपनीचे साहेब थेट आमच्या जिन्यात. “किसका काम है ये? नाम बताइए, नहीं तो अगले महीने से काम बंद.” शेठनी आप्पांकडे बोट केलं. “सांगून सांगून थकलो, साहेब. हा माणूस आणि ह्याची ती जोड.” आप्पांनी फाइल उघडली. मी त्यांच्या मागं उभी होते. पडद्यावर माझी ओळ शेवटी दिसली आणि मला जे कळायचं ते त्या क्षणी कळलं. आप्पांनीही ती बघितली. मग म्हणाले, “फाइल माझी हाय. चूक माझी.”

मी गप्प बसले. घरात माझा पगार लागत होता, वडील पंचायत समितीतून रिटायर झालेले, हे सगळं खरं आहे, पण ते कारण नाही. कारण हे, की सहा महिने मी एकटी त्या जोडला नावं ठेवत होते आणि आज सगळे ठेवत होते. मला ते बरं वाटलं. अर्धा तासच बरं वाटलं.

साहेब गेल्यावर मी आप्पांच्या टेबलाशी गेले. “आप्पा, ती शेवटची ओळ आहे ना...”

“शेवटी लावता येती, हीच चूक,” ते म्हणाले. “लावतानाच हात अडाया पायजे व्हता. ते काम जोडचं व्हतं. माझ्या ध्यानात न्हाई आलं.”

“अहो, पण ती लावली कुणी...”

“ते माझं काम न्हाई.” आणि शेंगांचा खिसा चाचपायला लागले.

बघा म्हणजे. माणसानं कबूल करायला तोंड उघडावं तर हा गृहस्थ तेही करू देत नाही. मी म्हणू शकले असते, की आप्पा, गप्प बसा, ऐका, मी लावली. म्हटलं नाही. महिनाअखेरीला शेठनी त्यांना यायचं बंद करा म्हणून सांगितलं. आप्पांनी घोंगडीचा तुकडा झटकला, घडी करून पिशवीत टाकला आणि दौंडच्या गाडीची वेळ झाली तसे उठून गेले. येतो नाही, जातो नाही. बसचा प्रोग्राम मला नव्यानं लिहायला लागला. सगळा एका फंक्शनमध्ये, चारशे ओळींचा. शनिवारी संध्याकाळी टेबलाशी कुणी येईना आणि मला उगाचच सारखं वर बघायची सवय लागली.

तीन-चार वर्षांनी मावसबहिणीच्या साखरपुड्याला दौंडला गेले. परत निघताना स्टँडवर आप्पा भेटले. केस सगळे पांढरे, पिशवी तीच. कुठल्याशा क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवत होते. शिरूरची गाडी लागायला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी शेंगा काढल्या.

“जोड काय म्हणते?” मी विचारलं.

“एकतीस ओळी झाल्या.”

“आप्पा, ती शेवटची ओळ मी लावली होती.” आता थांबायचंच नाही असं ठरवून मी एका दमात बोलले. “त्या सोमवारी. उलटी लावली. तुमचं काम माझ्यामुळं गेलं आणि मी तोंडातून शब्द काढला नाही.”

आप्पांनी हातातली शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले. “आता न्हाई लावता येत उलटी,” म्हणाले. “अडती. सांगती बी, का अडली ते.” आणि पिशवीतून घडी घातलेला लांब कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. प्रिंटरचा जुनाच, पानं न फाडलेला. “निवांत वाचा. गाडी लागली बगा तुमची.”

एवढंच. मी रडकुंडीला आलेली आणि हे मला गाडी दाखवताहेत. ज्याचं वाटोळं केलं त्यानं निदान चार शब्द सुनवावेत, तर तेही नाही. मी रागारागानंच गाडीत चढले, खिडकीशी बसले आणि कागद उलगडला.

पहिल्यांदाच वाचत होते. एकतीस ओळी, वाचायला पाच मिनिटं लागली नसती. वर आप्पांनी इंग्रजी अक्षरांत मराठी टिपणं लिहिली होती, तारीख-वार घालून. कुठली ओळ कधी गेली, कधी परत आली. मधे एक टिपण होतं: पहिला वापर, सुजाता कांबळे, शिरूर. पुढची तारीख गुरुवारची असेल असं मला वाटलं. ती मंगळवारची होती. मंगळवारी सकाळी ते रजेवरून आले, फाइलला माझा हात लागलाय हे त्यांना दिसलं, आणि कसा लागलाय हे त्यांनी बघितलंच नाही. दुसऱ्याच्या कामात डोकवायचं नाही ना. ते खाली उतरले आणि पेढे घेऊन आले.

मी खिडकीतून डोकं काढून हाक मारली. दोनदा मारली, जोरात, स्टँडवरची माणसं बघायला लागली इतक्या जोरात. आप्पा फाटकाजवळ पोचले होते, काखेत पिशवी. चालत राहिले. वाड्यावरून निघालेलं माणूस मागं बघत नाही.